काम मागू न शकणाऱ्यांचा हक्क
(एका व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोजक्या सामाजिक कल्पनांमध्ये रोजगार हमीचे स्थान फार वरचे आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे जो लहानसा प्रयोग केला, त्याच्या विचाराला १९७२-७३ च्या दुष्काळाने राज्यव्यापी निकड प्राप्त करून दिली. १९७७ साली विधिमंडळाने त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांनी एक मोठे स्थित्यंतर घडविले. दुष्काळात सरकार दयेपोटी देत असे ती खडी फोडण्याची मजुरी नागरिकाचा हक्क ठरली.

परंतु ज्याला काम मागताच येत नाही, त्याचे काय? क्षयाने ज्याची छाती पोखरली आहे, पक्षाघाताने जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याला दृष्टी नाही किंवा कुष्ठरोगाने ज्याची बोटे झडली आहेत, त्याच्या हाती कुदळ देऊन हमी पुरी होत नाही.

हा प्रश्न नवा नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून इंग्रज सरकारने जी दुष्काळ संहिता तयार केली, तिच्यातही मदतीचे दोन भाग होते. धडधाकट माणसाला दुष्काळी काम, आणि जो काम करूच शकत नाही त्याला विनाकाम मदत. ती मदत तुटपुंजी होती, तिच्यामागे उपकाराची व संशयाची दृष्टी होती, हे सर्व खरे. तथापि उपाशी माणसांत काम करू शकणारे आणि न शकणारे असे दोन वर्ग असतात, एवढे त्या परक्या सरकारलाही मान्य करावे लागले होते. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने तर काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता यांतील सार्वजनिक साहाय्य यांचा उल्लेख एकाच वाक्यात, हक्क म्हणून केला आहे. महाराष्ट्राने या वाक्यातील कामाच्या हक्काचा कायदा केला. साहाय्याच्या हक्काचे मात्र अनुदान झाले.

१९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हे ते अनुदान होय. अठरा ते पासष्ट वयाच्या दिव्यांगांना, दुर्धर आजाराने चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना, निराधार विधवांना व परित्यक्तांना दरमहा काही रक्कम देण्याची ही योजना. तिने लक्षावधी घरांत चूल पेटती ठेवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिचा आधार कायदा नसून शासन निर्णय आहे. तिला नाव पुढाऱ्याचे आहे, आणि तालुक्याच्या ज्या समितीपुढे अर्ज जातात तिचा अशासकीय अध्यक्ष नेमणुकीने येतो. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि दरवर्षी हयातीचा दाखला, एवढ्या पायऱ्या ज्याला चालता येत नाही त्याने चढावयाच्या आहेत. ज्या गोष्टीसाठी कुणाची तरी शिफारस शोधावी लागते, तिला हक्क म्हणता येत नाही.

खरी मेख मात्र उत्पन्नाच्या मर्यादेत आहे. २०२४ साली ही मर्यादा संपूर्ण कुटुंबासाठी वर्षाला २१,००० रुपये होती. दिव्यांगांसाठी तेवढी ५०,०००. एकवीस हजार म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयेदेखील नव्हेत, आणि तेही साऱ्या कुटुंबाचे. आता क्षयाने खंगलेला नवरा आणि रोजगार हमीच्या कामावर जाणारी बायको असे एक भूमिहीन कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात त्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या बाईने एकाहत्तर दिवस काम केले की २१,०८७ रुपये होतात आणि तिचा नवरा निराधार राहत नाही! केंद्राच्या २००५ च्या कायद्याने कुटुंबाला शंभर दिवसांची हमी दिली होती. ते शंभर दिवस भरले तर २९,७०० रुपये. म्हणजे शासनाने एका हाताने दिलेले वचन पाळले गेले, की दुसऱ्या हाताने दिलेले आपोआप रद्द व्हावे, अशी ही रचना आहे.

याचा परिणाम काय होतो? कुटुंब खरे उत्पन्न सांगत नाही. दाखला लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते, त्यावर सही करणाऱ्यालाही ठाऊक असते. या खोट्या आकड्यावरच सारा व्यवहार चालतो. मग कुणीतरी बोगस लाभार्थ्यांची ओरड करतो, फेरतपासणी निघते, आणि जो सर्वांत दुबळा, ज्याच्या वतीने बोलणारे कुणी नाही, त्याचेच नाव प्रथम कापले जाते. अपात्राला पैसे मिळणे ही एक चूक, आणि पात्राला न मिळणे ही दुसरी. पहिल्या चुकीत तिजोरीचे काही रुपये जातात, दुसरीत माणूस जातो. या दोन चुका एकाच तराजूत तोलणारे अर्थशास्त्र हिशेबाला चोख असेल, विवेकाला नाही.

राज्याची ऐपत नाही, असे आता म्हणता येणार नाही. २०२४ साली याच राज्याने महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना आणली आणि तिच्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली. त्या योजनेच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. प्रश्न इतकाच की, जिथे मतांची संख्या मोठी तिथे अडीच लाख, आणि जिथे माणूस अंथरुणाला खिळलेला तिथे एकवीस हजार, हे कोणत्या न्यायाने?

रकमेचीही तीच कथा. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, अपंगत्वाची हानी दुहेरी असते. एक तर कमाई घटते, आणि शिवाय तेच आयुष्य जगण्यासाठी खर्च अधिक लागतो. औषध, वाहन, सोबतीला माणूस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे तत्त्व स्वीकारून, दिव्यांगांना इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक मदत असावी असे म्हटले. महाराष्ट्रात अनुदान २०१९ साली ६०० वरून १,००० रुपये झाले आणि २०२३ साली १,५००. दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय व्हायला २०२५ साल उजाडले. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन २००९ साली २०० रुपयांनी सुरू झाले, २०१२ साली ३०० झाले आणि पुढे दहा वर्षे उलटली तरी तिथेच राहिले. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो. निराधाराची महागाई जणू वेगळ्या बाजारातली असते.

म्हणून मागणी वाढीव अनुदानाची नव्हे, कायद्याची असली पाहिजे. रोजगार हमीसारखाच कायदा: अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय, नकार दिल्यास लेखी कारण व अपिलाची सोय, आणि विलंब झाल्यास भरपाई. पात्रता कुटुंबाच्या उत्पन्नावरून न ठरवता त्या व्यक्तीच्या स्वतःच्या उत्पन्नावरून ठरावी. बायकोच्या मजुरीवर जगणे हा आधार नसून परावलंबन आहे, आणि त्याचा भार त्या बाईवरच पडतो. रक्कम किमतींच्या निर्देशांकाशी जोडलेली असावी.

रोजगार हमीला कायद्याचे रूप येऊ शकले, कारण मजूर मोर्चाने कचेरीवर येऊ शकत होते. या माणसांना मोर्चा काढता येत नाही. त्यांच्या वतीने चालणे हे ज्यांचे पाय धड आहेत त्यांचे काम आहे.