पाणी वाढलं, पण…
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गावोगावची पाणी शुद्धीकरण यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, म्हणून आम्ही आरओ यंत्र बसवलं होतं. वर्षभराने गेलो तर ऑपरेटर पोरगा हसतच पुढे आला. "साहेब, मेम्ब्रेन धुतली अन् पाणी दुप्पट झालं!"

"कशाने धुतलीस?"

"ब्लीचिंग पावडरने."

माझ्या पोटात गोळा आला. आरओचा पडदा पॉलिअमाइडचा असतो. क्लोरीन त्याला खाऊन टाकतो. पाणी वाढलं ते पडदा विरल्यामुळे. मीटर लावला, तर निम्मे क्षारही अडत नव्हते. फ्लोराइडला ना रंग, ना वास. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. लोक ते पाणी शुद्ध समजून पीत होते.

चूक त्या पोराची नव्हती. यंत्र बसवलं तेव्हा नारळ फुटला, फीत कापली गेली. पण धुवायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

नवी मेम्ब्रेन येईपर्यंत केंद्र बंद ठेवलं आणि त्याला शेजारी बसवून शिकवलं. आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन अडवतो, त्याची हयगय नको. दाब तोच असताना पाणी दहा टक्क्यांनी घटलं की मेम्ब्रेन धुवायची. मात्र थंडीत पाणी मुळातच कमी येतं, तो मळ नव्हे. शेवाळी चिकटा सौम्य कॉस्टिक सोड्याने निघतो, चुन्याचा थर लिंबूसत्त्वाने. दोन्ही एकत्र करायची नाहीत. मध्ये साध्या, क्लोरीन नसलेल्या पाण्याने खळखळून धुवायचं. हातमोजे, चष्मा हवाच. धुतल्यावरचं पहिलं पाणी गटारात सोडायचं.

आणि रोज वहीत तीन आकडे लिहायचे: दाब, पाणी, टीडीएस. पाणी आणि टीडीएस दोन्ही वाढले, तर आनंद मानायचा नाही, यंत्र बंद करायचं. टीडीएसवरून फ्लोराइड नेमकं कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा.

तुमच्या गावात असं केंद्र असेल, तर उद्या जार भरताना ती वही मागून पाहा. वही नसेल, तर एक घेऊन द्या. दहा-वीस रुपयांचं काम आहे.