गृहकर्जाचे व्याज आणि विवरणपत्रातील शून्य

आयकराचे विवरणपत्र भरताना बँकेच्या दाखल्यावरील गृहकर्जाच्या व्याजाचा आकडा बिनचूक नोंदवूनही वजावटीच्या रकान्यात शून्य उमटते, तेव्हा दोष गणिताचा नसून बहुधा करपद्धतीच्या निवडीचा असतो. आर्थिक वर्ष 2023-24 पासून नवी करपद्धती आपोआप लागू होते आणि तिच्यात स्वतः राहत्या घराच्या कर्जव्याजाला वजावट नाही. जुन्या पद्धतीत ती आयकर कायदा, 1961 च्या कलम 24 (बी) अन्वये वर्षाला जास्तीत जास्त 2 लाख रुपये मिळते. पगारदाराला जुनी पद्धती विवरणपत्रातच निवडता येते, परंतु विवरणपत्र मुदतीत भरले तरच; मुदत उलटल्यावर तो पर्याय मिळत नाही. हे बंधन कायद्याचे आहे, मात्र त्याचे कारण पडद्यावर अनेकदा स्पष्ट लिहिलेले नसते, ही उणीव सॉफ्टवेअर रचणाऱ्यांचीच मानावी लागेल.

अधिक गुंतागुंत बांधकाम चालू असताना घेतलेल्या कर्जाची आहे, आणि वडोदऱ्यात भायली, गोत्री किंवा वाघोडिया रस्त्याच्या नव्या वसाहतींत घर घेणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना ती भेडसावते. महाराष्ट्रात ज्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात आणि गुजरातेत ज्याला बी.यू. परमिशन, त्यावरून घर कोणत्या वर्षी पूर्ण झाले हे दाखवता येते. त्या आर्थिक वर्षाच्या आधीच्या 31 मार्चपर्यंत साठलेले व्याज बांधकामपूर्व व्याज मानले जाते आणि घर पूर्ण झालेल्या वर्षापासून त्याचा एक-पंचमांश हिस्सा पाच वर्षे मिळतो. समजा, असे व्याज 3,60,000 रुपये आहे आणि चालू वर्षाचे 1,50,000; तर पहिल्या रकमेचा हिस्सा 72,000 धरून बेरीज 2,22,000 होते, परंतु वजावट 2 लाखांवरच थांबते. बँकेच्या वार्षिक दाखल्यात केवळ त्या वर्षाचे व्याज असल्यामुळे हे 72,000 रुपये करदात्यालाच जुने दाखले काढून नोंदवावे लागतात, आणि ते राहून गेले तरी सॉफ्टवेअर हरकत घेत नाही. उलट चूकही घडते: कर्ज ज्या आर्थिक वर्षात घेतले त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण न झाल्यास मर्यादा 30,000 रुपयांवर येते, म्हणून रखडलेल्या योजनेतील घराला 2 लाखांची वजावट दिसली, तर पूर्णत्वाची तारीख तपासणे इष्ट.

पती-पत्नी दोघे सहमालक आणि सहकर्जदार असतील, तर दाखल्यावरील आकडा संपूर्ण कर्जाचा असतो. प्रत्येकाने आपल्या हिश्शाचेच व्याज घ्यायचे असून 2 लाखांची मर्यादा मात्र प्रत्येकाला स्वतंत्र आहे. मासिक हप्त्याची पूर्ण रक्कम व्याज म्हणून टाकणे हीदेखील नेहमीची चूक, कारण हप्त्यातील मुद्दल कलम 80 सी मध्ये जाते.

आकारणी वर्ष 2025-26 पासून व्याजाच्या नोंदीसोबत कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम आणि वर्षअखेरची बाकीही विचारली जाते, त्यामुळे नुसता आकडा भरून आता भागत नाही. राहून गेलेली वजावट मुदतीत भरलेल्या सुधारित विवरणपत्राने मागता येते; त्यानंतरचे अद्ययावत विवरणपत्र कर वाढवण्यासाठी चालते, परतावा वाढवण्यासाठी नाही.