डिझेलचा धूर आणि सरकारी तिजोरी



नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या सडकेवर, कळमनुरी तालुक्यांत, डोंगरकडा नांवाचें गांव आहे. आपणांपैकीं पुष्कळांनीं हें नांव आज प्रथमच ऐकलें असेल. परंतु या गांवाचा आपल्या घराशीं कांहींच संबंध नाहीं असें मात्र समजूं नये. इसापूरच्या धरणाचें पाणी ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्यांतून या टापूंत खेळूं लागलें आणि ऊस, केळीं, हळद हीं पिकें येथें फोफावलीं. डोंगरकड्यास साखर कारखाना आहे. शेजारच्या अर्धापूरकडचीं केळीं मालमोटारींत भरून दूर उत्तरेकडे जातात. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ही साखर, हीं केळीं आणि ही हळद शहरांतल्या स्वयंपाकघरांपर्यंत येतात तीं डिझेलच्या जोरावर. आणि त्यापायीं जो धूर निघतो तो मात्र सडकेच्या कांठच्या माणसांना सोसावा लागतो.

हा धूर कमी करण्यासाठीं सरकारनें पैसा खर्च करावा याविषयीं आतां फारसा वाद राहिलेला नाहीं. वाद आहे, निदान असावयास हवा, तो हा पैसा कोणत्या हिशेबानें वांटावा याविषयीं. आज मला बोलावयाचें आहे तें एवढ्यापुरतेंच.

प्रथम धुराविषयीं दोन शब्द. डिझेल इंजिनाच्या धुरांत दोन पदार्थ विशेष घातक असतात: एक अतिसूक्ष्म काजळी, आणि दुसरीं नायट्रोजनचीं ऑक्साइडें. काजळीचे कण इतके बारीक असतात कीं ते नाकाघशांत न अडतां थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोंचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर हा माणसाला निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या वर्गांत घातला. तेव्हां हा केवळ डोळे चुरचुरण्याचा किंवा कपडे मळण्याचा प्रश्न नव्हे.

आपल्याकडे या धुराला बंधन घालणारे नियम ‘भारत स्टेज’ या नांवानें ओळखले जातात. मोठ्या मालमोटारीच्या इंजिनानें एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, काम केलें, तर तिसऱ्या टप्प्याच्या नियमाप्रमाणें ०.१० ग्रॅम काजळी चालत असे. चौथ्या टप्प्यांत ती मर्यादा ०.०२ वर आली, आणि १ एप्रिल २०२० पासून साऱ्या देशांत लागू झालेल्या सहाव्या टप्प्यांत ०.०१ वर. पांचवा टप्पा मधला गाळूनच टाकला. सरकारी कामांत अशी उडी क्वचितच पाहावयास मिळते. डिझेलांतील गंधकहि याच क्रमानें दहा लाख भागांत ३५० वरून ५० वर, आणि पुढें १० वर आणला गेला. यांपैकीं चौथा टप्पा देशभर लागू झाला तो १ एप्रिल २०१७ रोजीं. म्हणजे त्यापूर्वीं मराठवाड्यांत घेतलेल्या बहुतेक मालमोटारी आजहि रस्त्यावर असतील, तर नव्या गाडीच्या दसपट काजळी ओकण्याचा परवाना खिशांत घेऊनच त्या धांवत आहेत.

हा हिशेब आंकड्यांत मांडून पाहूं. समजा, एक जुनी मालमोटार दिवसाला ६० लिटर डिझेल जाळते. एका लिटरांतून इंजिनाकडून सुमारें ४ युनिट काम मिळतें, म्हणजे दिवसाचें २४० युनिट झालें. नियमाची मर्यादा काटेकोर पाळली असें धरलें तरी जुन्या गाडींतून रोज २४ ग्रॅम काजळी बाहेर पडेल, आणि नव्या गाडींतून २.४ ग्रॅम. वर्षांतून ३०० दिवस गाडी चालली तर जुनीची ७ किलो २०० ग्रॅम, नवीची ७२० ग्रॅम. इंजिन झिजलेलें, इंजेक्टर बिघडलेले, हवेची जाळी तुंबलेली असेल तर जुन्या गाडीचा आंकडा याच्या कितीतरी वर जातो, तें वेगळेंच.

आतां तिच्या शेजारीं तितक्याच जुन्या इंजिनाची एक शाळेची बस उभी करा. ती दिवसाला फार तर ८ लिटर डिझेल जाळते. तिची वर्षाची काजळी एक किलोसुद्धां भरणार नाहीं. तिजोरींत एकाच गाडीपुरता पैसा असेल तर तो कोणास द्यावा? वजनाच्या हिशेबानें अर्थात् मालमोटारीस. पण शाळेची बस इंजिन चालू ठेवून मुलांच्या दारांत उभी असते, आणि तिची काजळी हवेंत विरण्यापूर्वींच चढणाऱ्या-उतरणाऱ्या मुलांच्या छातींत जाते. मालमोटारीचा पुष्कळसा धूर मोकळ्या रानांत पांगतो. मात्र तीच मालमोटार गांवच्या चौकांत किंवा कारखान्याच्या दाराशीं अडकली म्हणजे तिचाहि हिशेब बदलतो. तेव्हां नुसतें वजन पुरत नाहीं. धूर किती निघतो, कोठें निघतो आणि त्या वेळीं जवळ कोण उभें असतें, हें सारें एकत्र मोजावें लागतें. अनुदान वांटण्याचें खरें माप हें आहे, असें मला वाटतें. आपल्याकडे मात्र योजना यशस्वी झाली कीं नाहीं हें पाहतात तें नव्या गाड्या किती विकल्या गेल्या यावरून.

सध्यां पैसा कोठें जातो तें पाहा. केंद्र सरकारची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झाली. तिची तरतूद १०,९०० कोटि रुपयांची. त्यांतले ४,३९१ कोटि विजेवर चालणाऱ्या १४,०२८ बसगाड्यांसाठीं आहेत, आणि त्या प्रामुख्यानें चाळीस लाखांवर वस्ती असलेल्या नऊ शहरांकरितां राखल्या आहेत. महाराष्ट्रांतून त्यांत मुंबई व पुणें बसतात. राज्य सरकारनें २०२५ सालीं नवें विद्युत वाहन धोरण मंजूर केलें, त्याची तरतूद १,९९३ कोटींची. हवा शुद्ध करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ सालीं निघाला. त्यांत महाराष्ट्रांतील १९ शहरें आहेत, जालना आहे, लातूर आहे, पण नांदेड नाहीं आणि हिंगोलीहि नाहीं. पंधराव्या वित्त आयोगानें हवेसाठीं दिलेला पैसा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठीं होता.

शहरांवर पैसा खर्च होतो म्हणून तक्रार करावी असें नाहीं. तेथें एकेका मैलावर माणसांची दाटी आहे, आणि आत्तांच सांगितलेल्या मापानेंहि त्यांचा वांटा मोठाच निघेल. माझी तक्रार निराळी आहे. शहराला नकोशी झालेली गाडी नाहींशी होत नसते. ती विकली जाते. दिल्लीचें उदाहरण बोलकें आहे. तेथें दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं बंदी घातली. आणि पुढल्या वर्षीं असें ठरलें कीं, जेथें वाहनांची दाटी कमी आणि हवा मोकळी, अशा जिल्ह्यांत नेण्यासाठीं त्यांतल्या कांहीं गाड्यांना ना-हरकत दाखला द्यावा. कागदावर हें शहाणपणाचें दिसतें. परंतु ‘दाटी कमी’ या दोन शब्दांआड जीं गांवें आहेत, त्यांना कोणीं विचारलें होतें? शहरांत नव्या गाडीला अनुदान, आणि जुनी गाडी दुसऱ्या जिल्ह्यांत धूर सोडण्यास मोकळी, अशा व्यवहारांत सरकारी पैशानें धूर कमी होत नाहीं, त्याचा फक्त पत्ता बदलतो.

या बाबतींत मालमोटारींसाठीं केलेला एक नियम मला चांगला वाटतो. ई-ड्राइव्ह योजनेंत विजेच्या सुमारें ५,६०० मालमोटारींसाठीं ५०० कोटि ठेवले आहेत, आणि जुनी मालमोटार मोडींत काढल्याचा दाखला दाखविल्याखेरीज त्यांतला पैसा मिळत नाहीं. हें तत्त्व योग्य आहे. अडचण पुढें आहे. एका गाडीस जास्तींत जास्त ९ लाख ६० हजार रुपये मिळतात, आणि विजेच्या मोठ्या मालमोटारीची किंमत एक कोटीच्या घरांत जाते. वरची रक्कम कोण घालणार? मोठी सिमेंट कंपनी घालील, बंदरांतला वाहतूकदार घालील. डोंगरकड्याच्या बाजूस ज्याची स्वतःची एकच गाडी आहे, तीहि तिसऱ्या हातची, आणि तिचे हप्ते अजून फिटलेले नाहींत, त्या माणसाला या योजनेचा अर्जसुद्धां मागावासा वाटणार नाहीं. मोडींत काढलेल्या गाडीमागें नव्या गाडीच्या करांत सूट मिळते, परंतु धंद्याच्या गाडीला ती पंधरा टक्क्यांपर्यंतच. तीहि कराच्या पंधरा टक्के, किंमतीच्या नव्हे. आणि नवी गाडी घेण्याची ऐपतच नसेल तर करांतली सूट घेऊन त्यानें करावें काय?

अशा माणसाला एकदम विजेच्या गाडीपर्यंत नेण्याचा आग्रह मी धरणार नाहीं. तिसऱ्या टप्प्याची गाडी देऊन सहाव्या टप्प्याची पांच-सहा वर्षें वापरलेली गाडी त्यास मिळाली, आणि मधल्या कर्जाचें व्याज सरकारनें कांहीं अंशीं सोसलें, तरी काजळी एक दशांशावर येते. खर्च कितीतरी कमी, आणि लाभ आजच. विजेच्या गाडीची धूळपाटी अगदीं कोरी असते असेंहि नाहीं. आपल्याकडची बरीच वीज अजून कोळशाची आहे, आणि परळीच्या लोकांना त्याचा अर्थ सांगावयास नको.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १९९८ सालीं कार्ल मॉयर यांच्या नांवानें एक अनुदान योजना सुरू केली. तिचा पाया असा कीं, एक टन धूर कमी करण्यास किती पैसा लागला हें प्रत्येक अर्जामागें मोजावयाचें, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षां महाग पडणारा अर्ज नाकारावयाचा. पुढें २००१ सालीं तेथें आणखी एक कायदा झाला: मोठ्या जिल्ह्यांनीं यांतला निदान निम्मा पैसा, ज्या वस्त्यांना धूर सर्वांत अधिक सोसावा लागतो, विशेषतः गरिबांच्या वस्त्यांना, त्यांच्या उपयोगाचा खर्च करावा. म्हणजे वजन आणि माणूस, दोन्ही मोजलीं गेलीं. अमेरिकेच्या केंद्र सरकारची डिझेलविषयक अनुदान योजनाहि आहे. तींत बदललेल्या जुन्या इंजिनाच्या ठोकळ्याला तीन इंच व्यासाचें भोंक पाडावें लागतें. तें इंजिन पुन्हां कोठेंहि चालूं नये यासाठीं ही तजवीज. आपल्याकडे भंगाराच्या बाजारांतून उठून पुन्हां रस्त्यावर आलेलीं इंजिनें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना या भोंकाची किंमत लगेच कळेल.

डोंगरकड्यासारख्या ठिकाणीं मालमोटारींइतकाच ट्रॅक्टरांचा विचार करावा लागेल. उसाचा पुष्कळ भार ट्रॅक्टर आणि त्यामागच्या ट्रॉल्याच वाहतात. ट्रॅक्टरांचे नियम वेगळे आहेत, आणि जानेवारी २०२३ पासून आलेली कडक मर्यादा ५० अश्वशक्तीच्या वरच्याच ट्रॅक्टरांना लागू झाली. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याहून लहान. ते सारे बदलावयास कोणाहि सरकारची तिजोरी पुरणार नाहीं. पण हंगामांत कारखान्याच्या दाराशीं गाड्यांची रांग लागते, आणि पुढची गाडी हातभर सरकली कीं मागच्यांना इंजिन पुन्हां चालू करावें लागतें. गाड्यांना येण्याची वेळ आधीं नेमून दिली, वजनकांटा आणखी एक बसविला, तर एकहि इंजिन न बदलतां कांहीं धूर वांचेल, आणि त्या दाराशीं राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोपींतलीं मुलें थोडी बरी हवा घेतील. अशा खर्चाला अनुदान मिळण्याची सोय आजच्या कोणत्याहि वाहन योजनेंत मला दिसत नाहीं, कारण त्यांत विकत घेण्यासारखी नवी गाडीच नाहीं.

एस. टी. विषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पुणें-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजीं पहिली एस. टी. धांवली, आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं ‘शिवाई’ ही विजेची पहिली गाडी निघाली. पुढें २०२३ सालीं ५,१५० विजेच्या गाड्या भाड्यानें घेण्याचा करार झाला. २०२५ च्या मध्यापर्यंत त्यांतल्या कांहीं शेंच रस्त्यावर आल्या होत्या. माझें म्हणणें एवढेंच कीं, या गाड्या येतील तेव्हां त्या दूरच्या पल्ल्याच्या आरामगाड्या म्हणून शहराशहरांत न लावतां, कांहीं तरी तालुक्याच्या आगारांना द्याव्यात. कळमनुरी-नांदेडसारख्या मार्गावर रोजचें अंतर ठरलेलें असतें आणि गाडी रात्रीं आगारांत परत येते. चार्जिंगची सोय याहून सोपी दुसरीकडे होणार नाहीं.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट, जी मुंबईच्या कचेरींत सहसा लक्षांत येत नाहीं. सरकारी वर्ष मार्चअखेर संपतें, आणि अनुदानाच्या पैशाची घाई होते ती जानेवारी ते मार्च या महिन्यांत. उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि नेमका तेव्हांच भरांत असतो. वर्षाची कमाई ज्या चार-पांच महिन्यांत व्हावयाची, त्या महिन्यांत कोणता मालक आपली गाडी मोडींत देईल? पावसाळ्यांत मात्र ती महिनोन् महिने दारांत उभी असते. तेव्हां अर्ज घेणें, जुनी गाडी तपासणें, इंजिनाला भोंक पाडणें आणि नव्याचें कर्ज मंजूर करणें, हें सारें जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकलें पाहिजे, म्हणजे दसऱ्याला पूजा होईल ती बदललेल्या गाडीची.