घर आपलं, माप आपलं



आमच्या बचत गटात हल्ली कर्जाच्या अर्जावर एक नवं कारण दिसतं: फर्निचर. घरकुल बांधून झालं, की कुणीतरी मोबाइलवर चित्रं दाखवतं. पांढऱ्या भिंती, मोजकं सामान, बाकी सगळं कपाटाआड. पूर्ण घराचं काम एकत्र आणि किंमतही एकत्र. आवडलं तर त्यात गैर काही नाही. पण हप्ता आपल्यालाच फेडायचा असतो. म्हणून गटात आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली, आधी जागा मोजायची. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग त्यातला सातवा हिस्सा अडवतो. त्यापेक्षा दिवसा बसायला, रात्री निजायला एकच दिवाण करावा आणि त्याच्या खाली गाद्यांचा कप्पा ठेवावा. आपल्या जुन्या घरांत कोनाडा, फडताळ भिंतीतच असायचं, जमीन मोकळी राहायची. चित्रातली नवी पद्धत तरी दुसरं काय सांगते?

दुसरी, जी राबते तिचं माप घ्यायचं. ओट्याजवळ उभं राहून कोपरात हात वाकवा. कोपराच्या साधारण चार इंच खाली ओटा आला, तर पोळ्या लाटताना खांदे नि पाठ भरून येत नाही. रोजचे डबे हात वर न ताणता निघाले पाहिजेत.

तिसरी, माल ओळखायचा. 'एमआर' प्लाय कोरड्या जागेसाठी असतो. ओट्याखाली, मोरीजवळ आयएस ७१० चा शिक्का असलेला प्लाय मागा. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांवर सनमायका लावला, की वरून फरक कळत नाही. आमच्या एका सभासद ताईंना प्लाय सांगून अशाच पाट्या बसवून दिल्या. पहिल्याच पावसाळ्यात दारं फुगली. पैसे आधीच पूर्ण दिलेले होते. कारागीर फिरकला नाही, हप्ते मात्र चालूच राहिले.

चौथी, सगळं कागदावर घ्यायचं. कपाटाचा दर बहुधा समोरच्या मापावर लावतात. चार फूट रुंद, सात फूट उंच म्हणजे २८ चौरस फूट. त्या दरात खोली किती, बिजागऱ्या, कुलूप, मजुरी धरली का, ते लिहून घ्या. घडीच्या साड्यांना १६ इंच खोली पुरते, हँगरला २४ लागते. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा टप्पा दारं-खण उघडून पाहिल्यावरच द्या.

आता आमच्या गटात फर्निचरच्या अर्जाला घराचा हाताने काढलेला नकाशा आणि लेखी दरपत्रक जोडावं लागतं. त्यामुळे अर्ज थांबत नाहीत, रक्कम मात्र कमी होते. तुमच्याही गटात पुढच्या बैठकीला एक मोजपट्टी घेऊन बसा.