गाडी आपली, विद्युतघट कोणाचा?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आलिशान मोटारी हा व्याख्यानमालेचा विषय कसा काय होऊ शकतो, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना पडला असेल. कोट्यधीशांनी पेट्रोलच्या गाडीतून फिरावे की विजेच्या, याची चिंता आपण का वाहावी? ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे फिरावे. पण ज्या गाड्यांच्या नावावर ब्रिटन आणि जर्मनी यांची औद्योगिक प्रतिष्ठा शंभर वर्षे उभी होती, त्या गाड्यांचाच पाया गेल्या काही वर्षांत डळमळू लागला आहे. आणि त्यांतल्या एका नावाची मालकी मुंबईत, बॉम्बे हाउसमध्ये आहे. म्हणून मी आज प्रामुख्याने जग्वारविषयी बोलणार आहे.

१९२२ साली ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी विल्यम लायन्स नावाच्या एकविशीतल्या तरुणाने एका भागीदाराबरोबर मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. पुढे कारखाना कॉव्हेंट्रीला गेला. ‘जग्वार’ हे नाव गाडीला मिळाले १९३५ मध्ये. कंपनीचे नाव मात्र ‘एस.एस. कार्स’ असे होते. महायुद्धात त्या दोन अक्षरांना हिटलरच्या दलामुळे असा काही वास लागला, की १९४५ मध्ये ते नाव टाकून कंपनीनेच जग्वार हे नाव धारण केले. कॉव्हेंट्रीवर जर्मन बाँब पडत असताना कारखान्याच्या छपरावर आगीची राखण करीत रात्री जागवणाऱ्या अभियंत्यांनी तिथेच एका नव्या इंजिनाची चर्चा केली, अशी हकिगत सांगतात. ते सहा सिलिंडरचे ‘एक्सके’ इंजिन १९४८ मध्ये जगापुढे आले आणि १९९२ पर्यंत बनत राहिले. चव्वेचाळीस वर्षे! आज मोबाइलचे एखादे प्रारूप चव्वेचाळीस महिने टिकत नाही. १९६८ मध्ये आलेली ‘एक्सजे’ ही सेडान ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या दिमतीला असे. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले.

सेडानची प्रतिष्ठा कशात होती, हे थोडे नीट समजून घ्यायला हवे. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. चामड्याच्या गाद्या आणि अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या कोणीही बसवू शकतो. खरा मान होता शांततेला. पेट्रोलचे इंजिन म्हणजे मिनिटाला हजारो स्फोट. त्या स्फोटांचा हादरा आणि आवाज गाडीत बसलेल्याला जाणवू न देणे, हे शंभर वर्षांचे शास्त्र होते. त्यासाठी सहा, आठ, बारा सिलिंडर लागत. त्यांचा तोल साधावा लागे. चारचाकी साऱ्यांच्या असतात, पण सत्तर-ऐंशीच्या वेगात घड्याळाची टिकटिक ऐकू येणारी चारचाकी एखाद्याच्याच नशिबी असे. हे कसब ज्यांच्या हाती होते त्यांनी त्याची किंमत घेतली, आणि ती रास्तच होती.

विजेच्या मोटारीत स्फोटच नाहीत. पंधरा लाखांच्या विजेच्या गाडीतले यंत्र कोटींच्या गाडीतल्या यंत्राइतकेच नि:शब्द फिरते. वाऱ्याचा आणि रस्त्याचा आवाज आवरायला अजून कसब लागते, हे खरे. पण जे मुख्य भांडवल होते ते एका पिढीत स्वस्त झाले. बारा सिलिंडरचा तोल सांभाळणाऱ्या जर्मन वा इंग्रज कारागिराला त्याच्याच दारात कोणी सांगावे, की बाबा, आता याची गरज उरली नाही, तसे हे झाले. आपल्या विणकरांच्या वस्त्यांनी मँचेस्टरच्या यंत्रमागांपुढे हा अनुभव दीड-दोनशे वर्षांपूर्वी घेतला आहे. (फरक एवढाच, की तेव्हा आपल्या कापडावर जकात बसवणारे सरकारही मँचेस्टरवाल्यांचेच होते.)

दुसरी अडचण आकाराची. सेडानची शान तिच्या बुटकेपणात. लांब नाक, उतरता माथा, खाली बसलेली काया. विजेच्या गाडीत सहा-सात क्विंटलांची बॅटरी फरशीखाली अंथरावी लागते, त्यामुळे फरशी वर येते आणि मागे बसणाऱ्याचे गुडघेही. एका भारात लांब जायचे तर वारा कापणारा गोलसर आकार हवा. मर्सिडीजने २०२१ मध्ये ‘ईक्यूएस’ ही विजेची सेडान आणली, २०२२ पासून तिची जुळणी आपल्या चाकणला होऊ लागली, आणि किंमत होती दीड कोटीच्या पुढे. गाडी तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण जुन्या ‘एस-क्लास’च्या गिऱ्हाइकाला तो गुळगुळीत साबणवडीसारखा आकार रुचला नाही. मालक मागच्या आसनावर बसतो, आणि मागचे आसन हाच तिचा कच्चा दुवा निघाला.

मग माघार सुरू झाली. २०२१ मध्ये मर्सिडीजने म्हटले होते, की बाजार अनुकूल असेल तिथे दशकाअखेर आम्ही पूर्ण विजेवर जाऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी ते लक्ष्य सैल केले. व्होल्वोने २०३० ची शपथ सप्टेंबर २०२४ मध्ये सोडली. बेंटलीने २०३० चे २०३५ केले. युरोपीय संघाने २०३५ नंतर नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना जवळपास बंदी करणारा नियम २०२३ मध्ये संमत केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्याच आयोगाने तो शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेने विजेच्या गाडीवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपवली. पर्यावरणाच्या नावाने उर्वरित जगाला उपदेश करणारे देश स्वतःच्या कारखान्यांची धग लागताच किती चटकन व्यवहारी होतात, हेही यात दिसते.

पण या माघारीचे खरे कारण युरोपात नाही, चीनमध्ये आहे. जर्मनांच्या महागड्या गाड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते. तिथल्या नवश्रीमंताने आता घरची विजेची गाडी पसंत केली. पोर्शच्या चीनमधील विक्रीत एकट्या २०२४ मध्ये २८ टक्के घट झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये शाओमी या मोबाइल बनवणाऱ्या कंपनीने विजेची सेडान बाजारात आणली. रूपाने पोर्शच्या टायकानची धाकटी बहीण शोभावी अशी, आणि किंमत आपल्या हिशेबाने सुमारे पंचवीस लाख रुपयांपासून. शंभर वर्षांची इंजिनविद्या नसलेल्या कंपनीला ती आता लागतच नव्हती.

आता जग्वारकडे वळू. २००८ च्या जूनमध्ये टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर अशा दोन्ही कंपन्या २३० कोटी डॉलरना घेतल्या. फोर्डने त्यांच्यासाठी मिळून त्याच्या दुपटीहून अधिक मोजले होते. १९९९ मध्ये डेट्रॉइटला रतन टाटांना ऐकून घ्यावे लागलेले बोल आणि नऊ वर्षांनी झालेली परतफेड, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मोबाइलवर ती दर महिन्याला कोणी ना कोणी पाठवतोच. ऐकून छाती फुगते, फुगावीही. पण त्या कथेपाशी थांबणे मला अपुरे वाटते. खरेदीनंतर तीनच महिन्यांत जागतिक मंदी कोसळली, २००८-०९ मध्ये टाटा मोटर्सला सुमारे अडीच हजार कोटींचा तोटा झाला, आणि तरीही त्यांनी ती कंपनी टाकली नाही. मला त्या परतफेडीपेक्षा ही चिकाटी मोठी वाटते.

त्या चिकाटीचे फळ लँड रोव्हरने दिले, जग्वारने नव्हे. २०१८ मध्ये जग्वारच्या सुमारे १ लाख ८० हजार गाड्या खपल्या, तो तिचा चांगला काळ. त्याच वर्षी ‘आय-पेस’ ही विजेची जग्वार आली आणि २०१९ मध्ये ती जगातली सर्वोत्तम कार ठरली. तिची कुंडली पाहा. आरेखन इंग्लंडचे, जुळणी ऑस्ट्रियात ग्राझला, घट कोरियन कंपनीचे, मालक भारतीय. त्या घटांना आगीचा धोका आढळला तेव्हा २०१९ सालच्या सुमारे पावणेतीन हजार गाड्या अमेरिकेतील ग्राहकांकडून परत विकत घेण्याची पाळी २०२४ मध्ये आली. लोकांच्या तोंडी नाव जग्वारचे झाले. घट बनवणाऱ्याचे नाव कितींना आठवते?

फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झाले, की २०२५ पासून जग्वार केवळ विजेवर चालेल. जवळपास तयार झालेली विजेची ‘एक्सजे’ सेडान त्याच दिवशी मोडीत काढली गेली. एकेक करून जुन्या गाड्या बंद झाल्या. ज्या कॅसल ब्रॉमविच कारखान्यात युद्धकाळात स्पिटफायर विमाने बनली, तिथे गाड्या बनणे २०२४ मध्ये थांबले. शेवटची पेट्रोलची जग्वार डिसेंबर २०२५ मध्ये सोलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे विकायला गाडी नाही आणि नवी अजून यायची, असा काळ कंपनीने जाणूनबुजून पत्करला. याच काळात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तिने एक जाहिरात काढली. भडक रंगांचे कपडे घातलेली माणसे आणि गाडी एकही नाही! झेप घेणारा वाघासारखा प्राणीही बाजूला सारला गेला. जगभर हसे झाले.

त्या हसण्यात मी सामील होणार नाही. दुसऱ्याची नक्कल करायची नाही, हे त्या जाहिरातीचे सूत्र खुद्द लायन्स यांच्या नावे सांगितले जाते. म्हणजे मूळपुरुषाचा आधार होताच. बदलावे लागेल हा निर्णयही चुकीचा नव्हता. परंपरा टिकते ती कालानुरूप रूप बदलून, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण रूप बदलणे निराळे आणि ओळख पुसणे निराळे. एखाद्या घराण्याच्या गायकाने नवा राग बांधावा. मैफिलीला आपले घराणेच सांगायचे नाही असे ठरवले, तर जुना श्रोता उठून जातो आणि नव्याला आपण कोणाला ऐकतो आहोत हे कळत नाही.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला, त्या मुद्द्याकडे येतो. मालकी म्हणजे काय? पेट्रोलच्या काळात इंजिन ज्याचे, गाडी त्याची. विजेच्या काळात घट आणि चुंबक ज्याचे, गाडी त्याची. २००१ मध्ये बेंगळुरूच्या चेतन मैनी यांनी ‘रेवा’ ही विजेची छोटी गाडी रस्त्यावर आणली. ती लंडनलाही गेली. तेव्हा शाओमी जन्मालाही आली नव्हती. आपल्याकडे कल्पना होती, अभियंते होते. त्यांच्या मागे उभे राहणारे दीर्घ धोरण नव्हते. चीनने ती वीस वर्षे घट, खाणी आणि शुद्धीकरण यांत घातली. परिणाम असा, की चाकणला बनणाऱ्या महिंद्रांच्या नव्या विजेच्या गाड्यांतले घट बीवायडी या चिनी कंपनीचे, आणि टाटांच्या नेक्सॉनला घट पुरवणारी गोशनही चिनीच. बाहेरून येणाऱ्या खनिज तेलावरचे आपले अवलंबित्व ८५ टक्क्यांहून अधिक आहे, ते कमी व्हावे म्हणून आपण विजेकडे वळतो. पण तेल विकणारे देश अनेक होते, इथे बहुतेक वाटा एकाच दारातून जातात, आणि त्या दाराशी गलवान आहे.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. काही महिन्यांत पुण्याच्या बजाजच्या विजेच्या चेतकचे उत्पादन घटले. हळदीघाटीत जखमी असूनही धन्याला पैलतीरी नेणाऱ्या अश्वाचे नाव ज्या गाडीला दिले, ती मूठभर चुंबकांसाठी अडावी! हे चुंबक करण्याजोगी वाळू केरळच्या आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर आहे, ती हाताळणारी सरकारी कंपनी १९५० पासून आहे. कमी होती ती वाळूपासून चुंबकापर्यंतच्या मधल्या पायऱ्यांची. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला सहा हजार टन चुंबकांची क्षमता उभारायची आहे. उशीर झाला, पण दिशा योग्य आहे.

टाटांनाही हे उमगले आहे. ‘अग्रतास’ या कंपनीमार्फत ते दोन घटनिर्मिती कारखाने उभारत आहेत. एक गुजरातेत साणंदला, २० गिगावॉट-तास क्षमतेचा, आणि दुसरा इंग्लंडमध्ये ब्रिजवॉटरला, ४० गिगावॉट-तासांचा. मोठा कारखाना तिकडे आणि लहान इकडे, याचे मला थोडे वाईट वाटते. ब्रिटिश सरकारने अनुदानाची थैली मोकळी सोडली आणि जग्वार-लँड रोव्हरचे कारखाने तिकडेच आहेत, हे मान्य करूनही वाटते. या कारखान्यांत घट भारतीय मालकीच्या छताखाली बनतील. त्यांतले रसायन कोणाच्या परवान्याचे असेल, ग्राफाइट कुठल्या बंदरातून येईल आणि तो घट घडवण्याची यंत्रे कोणत्या देशाची असतील, हे विचारण्याचा अधिकार भागधारकांना आहे. आणि ज्यांच्याकडे एकही भाग नाही अशा आपल्यालाही आहे. पुढची जग्वार रस्त्यावर येईल तेव्हा वर्तमानपत्रे तिचे रंग आणि किंमत छापतील. आमच्या व्यवसायातल्या तरुण वार्ताहरांना माझी विनंती आहे, की त्यांनी तिच्या फरशीखाली वाकून पाहावे आणि तिथे काय आढळले ते छापावे.