दगड चढणारी गाडी



खर्डीकरांपुढे दगडाविषयी बोलावयाचे म्हणजे कोळ्याला मासा दाखविण्यासारखे आहे. तथापि माझा विषय दगडाचा नव्हे, त्यावर चढणाऱ्या गाडीचा.

१८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये एका हौदात लहानशी नाव बिनतारी चालवून दाखविली. तिच्याच कुळातली ही क्रॉलर गाडी. आकाराने पुष्कळदा खऱ्या जीपचा दहावा हिस्सा, चाल मात्र मुंगीची.

नवशिका पहिल्याप्रथम ताकदीची मोटर घेतो. मीही घेतली. पहिल्याच खडकावर गाडी उताणी! चाके गरगरत होती, पण दगड धरीत नव्हती. साध्या मोटारीला वळताना सोपे जावे म्हणून डिफरन्शिअल असते. पण एक चाक अधांतरी गेले की तेच रिकामे फिरत राहते आणि जमिनीवरचे स्वस्थ बसते. (असे चाक पुष्कळ घरांतही असते.) म्हणून क्रॉलरमध्ये दोन्ही चाके एकमेकांशी जखडतात. वळण मोठे लागते, ते सोसावे. टायर मऊ रबराचा, आत दाबलेल्या हवेऐवजी स्पंज, म्हणजे तो दगडाच्या अंगाशी बसतो. चढावर भार मागे सरकतो व पुढची चाके उचलतात, म्हणून वजन खाली आणि पुढे हवे. त्यासाठी पुढच्या चाकांत पितळी कडी घालतात. टपावर बांधलेले सामान फोटोतच शोभते.

पालकांना एक सांगतो. हिची बॅटरी बहुधा लिथियम पॉलिमरची असते. एका सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नये, ३ च्या खाली उतरू देऊ नये, फुगलेली वापरू नये. मी एकदा ती चार्जिंगला लावून जेवायला बसलो. चटई जळाली, घर वाचले, ते शेजाऱ्याला धूर दिसला म्हणून.

प्रारंभाला मोठा खर्च नको. चोविसाव्या हिश्श्याची छोटी गाडी, चार विटा आणि घराची पायरी पुरते. हात बसला की ओढ्यात जावे. उन्हाळ्यात पात्र कोरडे असते. आपला काळा बेसाल्ट खडबडीत, चाकाला धरून ठेवणारा. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ येते, तेव्हा गाडीचेच काय, आपलेही पाऊल ठरत नाही. अडकलेली गाडी काढताना आधी काठीने ढोसावे. दगडाखाली विंचू असतो.

गाडी बाहेर पायरीपाशी ठेवली आहे. रिमोट आधी मुलांच्या हाती जाईल. वडीलधाऱ्यांनी रांगेत मागे उभे राहावे.