चार अंड्यांचं घरटं

डोंगरकड्याला आमच्या घराच्या माळवदावर अब्बांची ढाबळ होती. जोड्या ते नजरेनंच लावत. मानेचा झोक बघायचा, डोळ्याची कड बघायची आणि ठरवायचं. कबुतरात नर-मादी दिसायला सारखेच, ही मोठी पंचाईत.

एकदा एका घरट्यात चार अंडी निघाली. मादी एका वेळी दोनच घालते, त्यामुळे अब्बा हरखले. अठरा दिवस उलटले, अंडी पोकळ. अब्बांनी त्यातल्या एका पाखराला 'वांझ' ठरवून बाजारात विकलं. मूल होत नाही म्हणून सासरहून परत आलेली माझी फुप्पी त्या रात्री जेवली नाही.

त्या दोन्ही माद्या होत्या! आता पिसाच्या मुळातून डीएनए तपासून नर-मादी ओळखता येतात. संशोधक त्याही पुढे गेलेत. कोण जास्त अंडी देईल, कुणाचं पिल्लू लवकर वजन धरेल, याच्या खुणा ते जनुकांत शोधताहेत, त्यातही प्रोलॅक्टिनच्या. या संप्रेरकाला हे नाव १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ऑस्कर रिडल यांनी दिलं, तेही कबुतरांवर काम करताना. त्यानंच बाईला दूध येतं आणि कबुतराच्या गळ्यातल्या पोतडीत पिलांसाठी दुधासारखा घास तयार होतो. नराच्यासुद्धा. म्हणजे पिलाच्या वाढीचा हिशेब त्याच्या एकट्याच्या रक्तात सापडायचा नाही. भरवणारे कोण, तेही बघावं लागतं.

उरलेली मादी फुप्पीनं मागून घेतली. पुढं तिला नर मिळाला, दोन पिल्लंही उडाली. विकलेलीचं नाव मात्र अब्बांनी पुन्हा काढलं नाही.